एकोणीस वर्षांचे शून्य

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, माती तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली परीक्षक, कोणाच्याही धाकाने, लाडीगोडीने किंवा हात धरून घेतलेल्या वचनाने बांधली न जाता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. परंतु नुसत्या दाखल्यावर मी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही, म्हणून तपासणी कशी झाली तेही लिहिते. डॉक्टरांनी मला वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करत खाली यायला सांगितले. मी न अडखळता दोनपर्यंत उतरले. मग मी त्यांना विचारले, "डॉक्टर, माती कशाची बनलेली असते?"

ते म्हणाले, "धुळीची. आणखी कशाची?"

त्या खोलीत बुद्धी कोणाची तपासायला हवी होती, हे वाचणाऱ्याने ठरवावे. तरीही साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावले आहे, कारण माझ्या मरणातून त्यांना काहीही मिळायचे नाही. असा माणूस शोधायला मला दोन आठवडे लागले.

कलम १. चार महिन्यांपूर्वी मी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द करते. त्यात शेत माझ्या भाच्याला दिले होते, आणि शेत कसणाऱ्या बाईला चोर म्हटले होते. ते मृत्युपत्रही मी पूर्ण शुद्धीत, विचार करून, पुराव्यानिशी केले होते. म्हणून हे दुसरे वाचणाऱ्यांना माझी सूचना आहे की माझी शुद्ध आणि माझे पुरावे, दोन्ही तपासून घ्यावेत. मी या खेपेला तेच केले आहे.

कलम २. राहते घर, तीन खोल्या आणि मागचे अंगण, माझ्या भाच्याला द्यावे. माझा भाऊ गेल्यावर रक्ताचे असे माझे तेवढेच एक उरले आहे. घराखाली मुरूम आहे, तो उपसून नेण्यासारखा नाही, त्यामुळे या देणगीबद्दल मला विशेष काळजी वाटत नाही. बँकेत जे शिल्लक असेल त्यातून घराचे छप्पर दुरुस्त करावे आणि उरलेले त्यानेच घ्यावे. न्हाणीघराची मोरी तुंबते. तो ते सहा वर्षे ऐकतो आहे, आता त्याचे त्याने बघावे.

कलम ३. पुस्तके सार्वजनिक ग्रंथालयाला. समासात मी पेन्सिलीने लिहिलेली मते खोडू नयेत. लेखक चुकला असेल तिथे मी "चूक" लिहिले आहे, आणि कारणही लिहिले आहे. काही ठिकाणी दोनदा लिहिले आहे.

कलम ४. अवजारे. माती काढायचा लोखंडी गिरमिट, तीन चाळण्या, मातीचे रंग ताडून पाहायचे पुस्तक, आणि भिंतीवरच्या फळ्यांवरच्या दोनशे सहा बाटल्या, ज्यांत दोनशे सहा ठिकाणची माती आहे, हे सगळे मुलींच्या शाळेला. प्रयोगशाळेला काही देऊ नये. तिथले माझे साहेब नमुन्याची पिशवी न उघडता अहवालावर सही करत. एकदा मी मुद्दाम पिशवीत साखर भरून पाठवली. "माती मध्यम सुपीक" असा शिक्का मारून ती परत आली. त्या दिवसापासून मी सही, शिक्का आणि साहेब या तिन्ही गोष्टी उलट्या करून बघते.

कलम ५. आता शेत.

वकिलांनी मसुद्यात लिहिले होते, "सदर मिळकत, क्षेत्र तीन एकर, पूर्वेस ओढा." मी म्हटले, "वकीलसाहेब, लांबी आली, रुंदी आली. खोली कुठे आहे?"

"बाई, कागदावर जमिनीला खोली नसते."

सगळी चोरी इथूनच सुरू होते! जमीन म्हणजे जागा, ती कोणी काखोटीला मारून नेत नाही. माती नेता येते. पाणी नेते, वारा नेतो, फावडे आणि ट्रॉली तर एका दिवसात नेतात, आणि सगळे नेल्यावरही तुमच्या कागदावर तीन एकर जसेच्या तसे राहतात. म्हणून मी या मृत्युपत्राने जे देत आहे त्याचे वर्णन मीच करते. घेणाऱ्याला वस्तू काय आहे ते कळले पाहिजे.

चांगली माती मूठभर उचला. त्यातला साधारण निम्मा भाग झिजलेल्या खडकाचा असतो: वाळू, गाळ आणि चिकणमाती. वाळू बोटांना खरखरते, गाळ पिठासारखा लागतो, चिकणमाती ओली केली की तिची लांब पट्टी निघते. उरलेल्या निम्म्यात पाणी आणि हवा असतात, जवळजवळ सारख्याच. होय, हवा. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, म्हणूनच पाणी साचलेल्या शेतात रोप गुदमरते. आणि शंभरातले फार तर पाच भाग, बहुतेक शेतांत एखादाच, कुजलेला पालापाचोळा आणि सजीव यांचे असतात. त्या एवढ्याशा वाट्यावर बाकीचे सगळे चालते. एका मुठीत पृथ्वीवरच्या माणसांहून जास्त जिवाणू राहतात, आणि त्यांच्यातल्या कोणी अजून एकमेकांवर दावा लावल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

ही माती आपले अन्न पिकवते, कापूस आणि लाकूड देते, पावसाचे पाणी गाळून विहिरीत सोडते, ओढ्याचा पूर अडवते, मेलेले सगळे पोटात घेऊन पुन्हा कामाला लावते. शाळेच्या पुस्तकात नैसर्गिक साधनसंपत्तीच्या धड्यात हवा येते, पाणी येते, जंगल येते, खनिजे येतात, आणि माती शेवटच्या परिच्छेदात, परीक्षेला नसलेली. तीस वर्षे मी गावोगावच्या सभांत ओरडून सांगितले की बोटभर जाडीची माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. ज्याच्या भरपाईला आपल्या वीस पिढ्या पुरत नाहीत, त्याला "पुन्हा भरून येणारे साधन" म्हणणाऱ्या माणसाकडे मी कायम संशयाने पाहिले आहे. तो काहीतरी विकायला आलेला असतो.

माझ्या शेतात वरची माती काळी आहे. काळ्या थराची जाडी, शेत घेतले त्या वर्षी सातव्या खुंटीजवळ (खुंट्यांचे कलम ६ मध्ये येईल) खड्डा खणून मोजलेली, बहात्तर सेंटिमीटर. त्याखाली पिवळसर थर, त्यात चुनखडीचे खडे. त्याखाली मुरूम, मग खडक. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात तिला इतक्या खोल भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. वरची माती भेगांतून खाली पडते, खालची फुगून वर सरकते. वर्षानुवर्षे ती स्वतःच स्वतःला ढवळत असते. हे वाक्य मी किती सभांत म्हटले असेन, त्याची मोजदाद नाही. ते पुढे लागणार आहे, म्हणून इथे लिहून ठेवले.

कलम ६. खुंट्या. एकोणीस वर्षांपूर्वी मी शेतात बारा लोखंडी खुंट्या ठोकल्या, प्रत्येक दीड हात लांब, डोके जमिनीच्या बरोबर पातळीला. माती वाहून गेली तर खुंटी उघडी पडणार आणि किती उघडी पडली ते मोजून किती माती गेली ते कळणार, अशी ती पद्धत. दरवर्षी पीक निघाल्यावर मी जाई, बारा ठिकाणी वाके, आणि वहीत लिही: शून्य. एकोणीस वर्षे, बारा खुंट्या, सगळीकडे शून्य. ती वही उंचावून मी व्यासपीठांवरून सांगितले आहे, "बंधूंनो आणि भगिनींनो, माझ्या शेतातून नखाएवढी माती गेलेली नाही! तुमच्या शेतांचे सांगा!" टाळ्या पडत. ज्यांची शेते उताराला होती ते खाली बघत.

मी सगळ्या जगावर संशय घेतला. साहेबांवर घेतला, खतवाल्यावर घेतला, सख्ख्या भावावर त्याने बांध एक वीत सरकवला म्हणून घेतला आणि तो मरेपर्यंत त्याच्याशी धड बोलले नाही. पण या शून्यावर मला कधी संशय आला नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर गेले तर सगळ्या खुंट्या जमिनीच्या वर आलेल्या. पश्चिमेकडच्या दोन बोटे, ओढ्याकडच्या तीन. तीन एकरांवरून दोन-तीन बोटे माती एका वर्षात पाण्याने जात नाही. म्हणजे कोणीतरी खरवडून नेली. शेतात पाऊल ठेवणारी माणसे दोनच. एक मी. दुसरी माझी वाटेकरीण, जी एकोणीस वर्षे अर्ध्या वाट्याने ते शेत कसते आहे. आणि नेमकी त्याच महिन्यात ती गावात नव्हती. लेकीकडे गेली आहे, असे शेजारी म्हणाले. मी मनात म्हटले, पळाली.

भाचा त्याच आठवड्यात आला. दारातूनच म्हणाला, "आत्या, ओढ्याकडच्या खुंट्या बघितल्यास का गं? मला तर काही बरं लक्षण दिसत नाही."

"तू कशाला गेला होतास तिकडे?"

"सहज. तुझी काळजी वाटते म्हणून."

ज्याला मोरीची काळजी वाटत नाही त्याला खुंट्यांची वाटावी, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते. पण माझ्या डोळ्यांपुढे चोर आधीच ठरलेला होता, आणि एकदा चोर ठरला की बाकीचे सगळे सज्जन दिसायला लागतात.

कलम ७. हे कलम टाळता आले असते, तरी लिहिते.

ग्रंथालयाच्या सभागृहात दरवर्षी माझे मातीवर व्याख्यान असते. या खेपेला सभागृह भरले होते. वाटेकरीण लेकीकडून दोनच दिवसांपूर्वी परतली होती आणि तिसऱ्या रांगेत येऊन बसली होती, दरवर्षीसारखीच. मी वही उघडली आणि म्हटले, "यंदा माझी माती चोरीला गेली. चोर परका नाही. ज्या हातांना मी एकोणीस वर्षे अर्धे पीक दिले, त्याच हातांनी माझे शेत सोलले!" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असे नंतर लोकांनी मला कौतुकाने सांगितले. सगळी डोकी तिसऱ्या रांगेकडे वळली. ती उठली, शेजारणीच्या पायांवरून वाट काढत बाहेर गेली. जाताना काही बोलली नाही. न बोलणे हाच कबुलीजबाब, असे मी पुढच्या वाक्यात सांगितले.

ती आणखी दोघांची शेते कसत असे. आठवड्याभरात दोघांनीही ती काढून घेतली. माझे मी आधीच काढले होते.

कलम ८. पोलिसांत तक्रार द्यायची तर किती माती गेली ते सांगावे लागणार होते. नुसत्या खुंट्या पुरेशा नाहीत, जुना खड्डा होता तिथेच पुन्हा खणून काळा थर मोजायला हवा, हे मला माझ्या धंद्यामुळे माहीत. भाच्याला म्हटले, माणूस लाव.

"कशाला खणतेस आत्या? उगाच पाठ धरेल. मृत्युपत्र झालंय ना, मग मिटलं की."

मृत्युपत्रात शेत त्याच्या नावावर आहे हे मी त्याला सांगितले नव्हते. वकिलांना त्याबद्दल मी वेगळे विचारले आहे. त्यांचे उत्तर अजून यायचे आहे.

त्याला अंगणात पाणी आणून दिले तेव्हा त्याच्या गाडीचे दार उघडे दिसले. पुढच्या आसनावर वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळलेले. मी कागद उलगडला. भाजलेली वीट होती, नमुन्यादाखल केलेली, तडकलेली, आणि तिच्या पृष्ठभागावर चुनखडीचे खडे लाहीसारखे फुटलेले. दोनशे सहा बाटल्या ओळखणाऱ्या बाईला स्वतःच्या शेताची माती भाजल्यावर ओळखू येत नाही, असे त्याला वाटले असावे.

"ही काय आहे रे?"

"अगं, वीटभट्टीवाल्याने दिली. त्याला असंच बघायचं होतं, तुझी माती राखेत मिसळून चालेल का."

"माझी माती? त्याला कुणी दिली?"

"आत्या, तू गेल्यावर इतकी माती तुला काय करायचीय?"

हे वाक्य मी जसेच्या तसे लिहिले आहे, कारण शेत भाच्याला का दिले नाही असे कोणी न्यायालयात विचारले तर एवढे उत्तर पुरेसे आहे. नमुना त्याने पिशवीभरच नेला होता. तेवढ्याने खुंट्या उघड्या पडत नाहीत. म्हणजे चोर अजून वाटेकरीणच, असा माझा हिशेब कायम राहिला. मी कुदळ उचलली आणि सातव्या खुंटीजवळ स्वतः खणायला लागले. सकाळी दोन तास, चार दिवस.

चौथ्या दिवशी बांधावर सावली पडली. वाटेकरीण उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"ताई, खड्डा कुणासाठी?"

"चोरासाठी."

"मग जरा रुंद खणा. मी जाडी आहे."

मी वर पाहिले नाही. कुदळ चालवत राहिले.

"पोलिसात देणार म्हणे मला."

"देणार. आधी किती माती गेली ते मोजते."

"मोजा की. फीत धरू का दुसऱ्या टोकाला?"

"तू हात लावू नकोस."

"बरं. नाही लावत. आता हातांना तसंही काही काम नाही राहिलं."

मी खड्ड्याची भिंत सुरीने नीट तासली, फीत लावली. काळा थर त्र्याहत्तर सेंटिमीटर. मी फीत पुसली आणि पुन्हा लावली. त्र्याहत्तर. फीत ताणली गेली असेल म्हणून घरून लाकडी पट्टी आणली. मी पट्टी घेऊन परत येईपर्यंत वाटेकरीण तिथेच बसून होती. पट्टीनेही त्र्याहत्तर. एकोणीस वर्षांपूर्वी बहात्तर. एक सेंटिमीटर मोजण्यातला फरक धरला तरी एक गोष्ट उघड होती. सातव्या खुंटीजवळची माती कुठेही गेलेली नव्हती. आणि सातवी खुंटी माझ्या डोळ्यांसमोर तीन बोटे वर उभी होती.

मग मला भिंतीतल्या ढेपा दिसल्या. तिरक्या, एकमेकींवर घासून आरशासारख्या चकचकीत झालेल्या. फुगताना काळी माती स्वतःवरच घसरते त्याच्या त्या खुणा. विद्यार्थ्यांना त्या दाखवायला मी मैलोन्‌मैल चालवत नेले आहे. ओली माती फुगते, खुंटीला आवळते आणि आपल्याबरोबर वर उचलते. सुकली की भेगांतून चुरा खुंटीखाली पडतो आणि ती खाली जायची वाट बंद होते. पुढच्या पावसात आणखी वर. माती खाली गेलेली नव्हती, खुंटी वर आली होती. फुगणाऱ्या मातीत दीड हाताची खुंटी ठोकून तिच्यावर विसंबायचे, ही चूक मातीचे काहीच न शिकलेला माणूस करणार नाही, कारण तो खुंटीच ठोकणार नाही. ती करायला माझ्याएवढे शिकावे लागते.

मी खड्ड्यातच खाली बसले.

"खुंट्या वर येतात ना ताई," ती म्हणाली. "दरवर्षीच येतात."

"दरवर्षी? माझ्या वहीत एकोणीस वर्षं शून्य आहे."

"शून्यच असणार. तुम्ही यायच्या आधी मी ठोकते ना."

"काय करतेस?"

"ठोकते. नांगराला अडकतात. पहिल्याच वर्षी फाळ वाकला होता. तेव्हापासून पीक निघालं की दगड घ्यायचा आणि बाराच्या बारा ठोकून जागेवर बसवायच्या. यंदा लेकीचं बाळंतपण निघालं, राहून गेलं."

"आणि हे मला एकदाही सांगितलं नाहीस?"

"तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुम्ही यायच्या, वाकून बघायच्या, शून्य लिहायच्या, आणि मग दिवसभर इतक्या खुशीत असायच्या! मला वाटलं, खुंट्या जमिनीतच राहाव्यात असं तुम्हाला हवंय."

"मग त्या दिवशी सभागृहात का नाही बोललीस?"

"माईक तुमच्या हातात होता."

मी तरीही लगेच विश्वास ठेवला नाही. सवय जात नाही. बाराही खुंट्यांकडे जाऊन त्यांची डोकी तपासली. सगळी चपटी झालेली, कडा बाहेर वळलेल्या, दगडाचे ओरखडे एकावर एक. एकोणीस वर्षे मी त्या डोक्यांवर वाकून पट्टी लावत होते आणि डोकी मात्र पाहिली नव्हती. नंतर पूर्व कोपऱ्यात आणखी एक खड्डा घेतला, या वेळी फितीचे दुसरे टोक तिच्या हातात दिले. तिथेही माती शाबूत. ती का शाबूत आहे तेही तिथेच दिसले. ओढ्याच्या कडेला तिने गवताचा पट्टा राखला आहे, उतारावर आडवे नांगरते, काढलेल्या पिकाची धसकटे जाळत नाही. यातले निम्मे तिने माझी व्याख्याने ऐकून केले आणि निम्मे न ऐकता. कुठले निम्मे, ते ती सांगत नाही.

कलम ९. म्हणून ओढ्यालगतचे तीन एकर, खडकापर्यंतच्या सर्व थरांसह, माझ्या वाटेकरणीला पूर्ण मालकीने द्यावेत. वकिलांनी हे "खडकापर्यंतच्या" शब्दासह लिहून घ्यायला बराच त्रास दिला. शब्द राहिला आहे. माझ्या हयातीत शेत तिने पूर्वीसारखे कसावे, आजपासून.

कलम १०. माती विकू नये, अशी अट घालता येते का, असे मी विचारले. वकील म्हणाले, पूर्ण मालकीला अशी अट टिकणार नाही. तेव्हा अट घालत नाही, सांगून ठेवते. तिला दोन जावई आहेत. मला त्यांच्याबद्दल काही माहिती नाही, आणि त्यामुळेच मी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. वीटभट्टीवाला त्यांच्याकडे जाईलच. दर पाच वर्षांनी सातव्या खुंटीच्या जागी खड्डा घेऊन काळा थर मोजावा आणि फितीची दोन टोके दोन वेगळ्या घरांतल्या माणसांनी धरावीत. खुंट्या उपटून भंगारात द्याव्यात. माझी वही ग्रंथालयात ठेवावी, तिच्या मुखपृष्ठावर लिहावे: "यातले आकडे चुकीचे आहेत. शेत बरोबर आहे."

कलम ११. मी भर सभेत केलेला आरोप खोटा होता. माती चोरीला गेली नव्हती, वाटेकरीण निर्दोष आहे, आणि तिचे न बोलणे हा कबुलीजबाब नव्हता. माझ्या मृत्यूनंतर हे कलम ग्रंथालयाच्या सभागृहात, माईकवरून, मोठ्याने वाचण्यात यावे.

कलम १२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ग्रंथपालबाईंनी करावी. त्या चाळीस वर्षे दुसऱ्यांची पुस्तके वेळेवर परत मागत आल्या आहेत, त्यांना हे जमेल.

पुरवणी, सही करण्याआधी त्याच हाताने लिहिलेली. वरचा मसुदा मी वाटेकरणीला वाचून दाखवला. शेताच्या कलमाला ती नुसती पदराने चष्मा पुसत राहिली. अकराव्या कलमाला मात्र तिने मला थांबवले.

"म्हणजे हे तुम्ही मेल्यावर वाचणार?"

"मृत्युपत्र मेल्यावरच वाचतात."

"आणि तुम्ही अजून वीस वर्षं जगलात तर? तोवर मी चोरच?"

मी आजवर एकही विधान जाहीरपणे मागे घेतलेले नाही. माघार घेणाऱ्या वक्त्यांची मी टिंगल केली आहे, आणि मरणाच्या आडून माघार घ्यायची सोय मी स्वतःसाठी मोठ्या चतुराईने करून ठेवली होती. ते तिने एका वाक्यात उघडे पाडले.

आज सकाळी दहा वाजता ग्रंथपालबाईंनी सभागृह उघडले. ज्यांनी तिची शेते काढून घेतली त्या दोघांना मी स्वतः निरोप धाडला होता, ते दोघेही आले. बाकीचे, आज मी कोणाला चोर ठरवते ते ऐकायला आले असावेत, कारण सभागृह पुन्हा भरले होते. वाटेकरीण तिसऱ्या रांगेत बसली. मी अकरावे कलम हातात घेतले आणि वाचायला लागले. माझा आवाज कसा येत होता ते मला कळत नव्हते. पहिले वाक्य संपते न संपते तोच ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मोठ्यानं वाचा ताई. मागे ऐकू येत नाही."

मी पहिल्यापासून पुन्हा वाचले. शेवटच्या रांगेपर्यंत.

त्यामुळे कलम ११ पूर्ण झाले असून ते या मृत्युपत्रातून वगळावे. बाकी सर्व कायम.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर आज रोजी सही केले. दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत. दोघांपैकी कोणालाही यातून काही मिळत नाही, याची मी तीनदा खात्री करून घेतली आहे.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार १: डॉक्टर (सही)
साक्षीदार २: ग्रंथपालबाई (सही)

ठिकाण: ग्रंथालयाचे सभागृह, व्यासपीठावरचे टेबल
दिनांक: ९ मार्च २०२२, बुधवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे